वैजीणबायने अडवलेला गणपती

वैजीणबायमुळे माझा मुलगा जगात आला. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

पेडण्याकडे सुइणीला वैजीण म्हणतात. ही बाई कधी कुणाच्या पुढल्या दाराने आत गेली नाही. थेट मागल्या दाराने रांधणीत, आणि आधी सुनेच्या तोंडाकडे बघायची. गावात वरचा वाडा आणि खालचा वाडा यांचं पालखीवरून जुनं वैर. त्यात कोंकणी की मराठी या भाषेचं आंदोलन पेटलं. वरच्यांनी हमरस्त्याला जाणारी पायवाट काट्यांची वंय, म्हणजे कुंपण, घालून बंद केली. एकटी वैजीण ती बाजूला सारून दोन्हीकडे जायची. म्हणायची, "पोटातलें भुरगें वाडो विचारिना."

मी गडहिंग्लजची, सातवीत शाळा सुटलेली, खालच्या वाड्यातली सून. पहिल्या खेपेला रक्त जायला लागलं तेव्हा वंय कुणी उघडली नाही. नवऱ्याने डोंगराला वळसा घालून नेलं. मूल राहिलं नाही. पुन्हा दिवस गेले ते मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चवथीचे पाच दिवस मात्र वाट उघडी असायची. दोन्ही वाड्यांच्या मूळ पुरुषाचा गणपती आमच्या घरी, म्हणून वरचेही आरतीला यायचे. गणपती बाहेर पडला की वंय पुन्हा बंद. पाचव्या दिवशी पुरुषांनी मूर्तीला हात घातला, मी दहीपोह्यांची वाटी घेऊन उभी. वैजीण आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भरल्या घरात म्हणाली, "रावात. हिका तिसरो म्हयनो. ही बाळंत जायसर गणपती हालचो ना."

म्हणजे मी बाळंत होईपर्यंत विसर्जन नाही; काही घरांत तशी रीत होती. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

सासू पुटपुटली, "आमची अशी रीत नाय गो."

"आदीं नासली. आतां आसा," वैजीण म्हणाली.

वरच्या वाड्याचे गावकर मूर्ती धरूनच म्हणाले, "शिगम्यामेरेन सहा म्हयने आरती? ताळो बसतलो आमचो."

"बसल्यार सुंठ दितां. मूर्त सकयल दवर पयलीं." गावकरांनी मूर्ती परत पाटावर ठेवली, आणि गणपती घरात म्हणून वाटही उघडी राहिली.

त्या थंडीत बाहेर भाषेवरून दगडफेक, गाड्या बंद. आमच्या ओट्यावर तीच माणसं रोज कोंकणीत भांडायची आणि आत येऊन मराठीत आरती म्हणायची. गावकर आधी चहाला शिवत नव्हते. पौषात विचारू लागले, "पाव ना गो आज?"

फाल्गुनात कळा आल्या. मूल आडवं होतं. "हें माझ्या हातचें न्हय, इस्पितळात व्हरात," वैजीण म्हणाली. गावकरांच्या पुतण्यांनी मला खुर्चीत बसवून त्याच पायवाटेने नेलं. वंयीची जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

बाळाला घेऊन परतले तोवर गणपती पोचवला होता. आता पुन्हा काटे असतील, या धास्तीने मी वाटेकडे बघत आले. काटे नव्हते. गावकरांनी ते स्वतःच्या हाताने होळीत घातले होते. इतक्या वर्षांनीही त्या मोकळ्या वाटेवर माझा पाय क्षणभर अडखळतो.

वैजीणबायला आता दिसत नाही. लेकीकडे हरमलला गेली. निघताना माझं तोंड हातांनी चाचपून म्हणाली, "खरें सांगू बाये? त्या दिसा माका खात्री नासली. तुजें तोंड भियेल्लें दिसलें, इतलेंच."

नुसत्या अंदाजावर तिने भरल्या घरात गणपती अडवला होता.

तिच्या नातीचं लग्न ठरलंय. तिला दिवस गेले आणि ती माहेरी आली की मी हरमलला जाईन, मागल्या दाराने, आणि ती बाळंत होईपर्यंत तिथून हलणार नाही.