ओळी कमी पडल्या म्हणून

"पाहिलं तेवढंच लिहा. उरलेला कागद कोरा गेला तरी तो तुमचाच असतो."

खोडरबर सरांचं हे वाक्य आमच्या गल्लीत सायकलच्या घंटीइतकं ऐकू यायचं. खाली माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत त्यांचा निबंधाचा वर्ग. कॉलेजची पोरं येत, लिहीत, सर खोडत. म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "ज्याने नाव ठेवलं त्याने निदान पाहून ठेवलं."

सरांनी लग्न केलं नाही. गेलेल्या भावाची मुलगी पोटच्या पोरीसारखी वाढवली. तिला सगळे छकुली म्हणत. छकुलीला मोठ्या कॉलेजात जायचं होतं, आणि त्या कॉलेजने प्रवेशासाठी दोन पानांचा वर्णनात्मक निबंध मागवला होता: 'माझ्या खिडकीतून'. आता खिडकीतून दिसणार काय? समोरच्या बंद घराची गच्ची, पाण्याची टाकी, एक रिकामी दोरी. दीड पानात जग संपलं.

त्या दुपारी मी वर चहाला गेलो होतो. सर छकुलीचा निबंध वाचता वाचता थांबले.

"ही दोरीवरची ओली चादर कुठली गं?"

"कुठलीच नाही, काका. ओळी कमी पडत होत्या."

"आणि चादरीमागे उभी असलेली बाई?"

"तीही भरतीचीच."

मी हसलो. "सर, चादर एकटीने पिळता येते होय? बाई लागणारच!"

सर हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. मीही बघितलं. दोरीवर चादर होती. ऊन कडक, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि चादरीतून पाणी ठिबकत होतं. तिच्या काठाखाली दोन पावलं, आमच्याकडे वळलेली.

सरांनी त्या ओळी खोडल्या. कागद फाटेपर्यंत खोडल्या. चादर हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून छकुली खिडकी सोडेना. ताट समोर तसंच राहायचं. हाक मारली तर ओ यायची, पण उशिरा, विहिरीच्या तळातून यावी तशी. "ती माझं नाव विचारतेय, काका," एवढंच म्हणायची. पोरगी तीळतीळ तिकडे सरकत होती, आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण माणूस शेवटी आपल्याच विद्येला हात घालतो. "वर्णनाने आली, तुलनेने जाईल," सर मला म्हणाले. छकुलीला शेजारी बसवून त्यांनी तुलनात्मक निबंध लिहून घेतला: आपल्या घरच्या चादरी आणि ती चादर. सकाळी बघतो तर चादर आमच्या बाजूला आलेली, सरांच्या टॉवेलला खेटून.

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "तुलना करायची तर दोघींना शेजारी उभं करावं लागतं."

मग कारणमीमांसा. ती का आली, हे छकुलीने शोधायचं होतं. पोरीने एकच ओळ लिहिली: 'मी बोलावलं.'

मग सर स्वतः वैचारिक निबंधाला बसले. तिने इथे का राहू नये, याचे एकाहून एक सरस मुद्दे त्यांनी मांडले. पण खरा वाद घालणारा समोरच्याची बाजूही मांडतो. तिथे सरांनी लिहिलं: 'बोलावलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत कसं पाठवावं?' आणि याला उत्तर त्यांना सुचेना. संध्याकाळी जिन्यात ठिबकण्याचा आवाज आला. चादर कठड्यावर होती, पावलं वरच्या पायऱ्यांकडे वळलेली.

"आता एकच प्रकार उरला," दुसऱ्या दिवशी सर म्हणाले. "कथनात्मक. घडलेली गोष्ट सांगायची."

"मग लिहा की, सर! वाट कसली बघताय?"

"घडल्याशिवाय काय लिहू?"

त्यांनी चपला घातल्या. छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने मान वळवली नाही. "पोरीकडे लक्ष असू द्या," मला म्हणाले आणि जिना उतरले. हातातली ट्यूब घेऊन मीही मागोमाग दुकानाच्या दारात आलो. झोपलेलं मूल उचलावं तशी त्यांनी चादर उचलून हातावर घेतली.

"चला बाई," ते म्हणाले. "बोलावणं आमच्या घरून गेलं होतं. पोचवायलाही आमच्याच घरचं माणूस येईल."

भर दुपारी ते रस्त्याला लागले. वर खिडकीत छकुली एकदम हुंदका देऊन "काका!" म्हणून ओरडली, आणि तो आवाज तिचा स्वतःचा होता. सर थांबले नाहीत. रस्ता सगळा मोकळा होता, तरी ते अगदी कडेने चालत होते, सोबतच्या माणसाला वाट द्यावी तसे, आणि मधूनमधून मान हलवत होते. ती खिडकीत, मी दुकानाच्या दारात, हातात ट्यूब तशीच धरून. वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.