चिंचेचा शेंडा

ही गोष्ट आमच्या घरातही कुणाला माहीत नाही. तुम्हाला सांगते—आज सांगूनच टाकते.

लोहाऱ्यात आमच्या गच्चीवर मी दर रविवारी बोन्साय शिकवते. लोहाऱ्यात बोन्साय?—हसा खुशाल, सुरुवातीला मीही हसले होते. पण बायका येतात, हौसेनं येतात, आणि तो तास म्हणजे माझा सण असतो. नव्यांना सांगते, झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडून ठेवू नका, त्याला ऊन लागतं. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघा, ओल असेल तर हात आवरा. आणि मुख्य म्हणजे, शेंडा छाटायला घाबरू नका! मग माझी चिंच पुढं करते. वीतभर उंची, मनगटाएवढं खोड, वर हिरवीगार छत्री. हिचा शेंडा मी एका झटक्यात उडवला, असं ऐटीत सांगते. बायका बघतच राहतात. इतकं बरं वाटतं मला!

खोटं आहे ते.

कात्री घेऊन मी वर्षभर त्या चिंचेभोवती नुसती घुटमळत होते. धीरच होईना. एका दुपारी वाळवण घेऊन खाली आले आणि गच्चीचं दार लावायचं राहिलं—माझ्याकडूनच. शेजारच्या रजियाखालांची शेळी वर गेली. बिजली तिचं नाव. काळीभोर, लांब कानांची, महाखोडकर. तिनं चिंच बुंध्यापर्यंत फस्त केली आणि तिथंच रवंथ करत बसली.

मी काय केलं? गल्ली गोळा होईल इतकी ओरडले. दार लावलेलं होतं म्हणाले, शेळीनंच ढकललं. खालांनी माफी मागितली आणि बिजलीला येडशीला बहिणीकडं धाडलं. तिला जीपमध्ये चढवताना त्या रडत होत्या. मी गच्चीवरून बघत होते.

आणि चिंच?—चहूबाजूंनी फुटली! अशी देखणी, की मी एकटीच गच्चीवर नाचले. जे माझ्यानं होत नव्हतं ते शेळीनं करून दाखवलं होतं. खालांना मात्र सांगितलं, ती चिंच मेली, ही दुसरी.

गेल्या रविवारी खालाच शिकायला आल्या, डाळिंबाचं रोप घेऊन. कात्री धरली आणि थांबल्या. "माझ्यानं न्हाय व्हायचं, बाई. तुमच्यावानी हिंमत न्हाय माझ्यात." सगळ्या हसल्या, मीही हसले, त्यांच्या हातावर हात ठेवला. शेंडा उडाला! टाळ्या पडल्या, खाला लहान पोरीसारख्या खूश झाल्या. मग माझ्या चिंचेवरून हळूच बोट फिरवत म्हणाल्या, "बिजलीनं खाल्ली, ती बी अशीच झाली असती, न्हाय?"

हीच ती, खाला. दार मीच उघडं टाकलं होतं. एवढंच तर बोलायचं होतं.

"अशीच झाली असती," मी म्हणाले.