शाळा मुलगी बघायला आली तेव्हा

शेजारणीनं दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसावं याचं काही माप असेल, तर ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. मी म्हणते, शेजार मग असतो कशाला? पण एकदा हे नाक असं काही पोळलं, की अजून आठवलं तरी माझे कान गरम होतात. सांगते. हसायचं तर हसा, फक्त माझ्या सुनेच्या कानावर घालू नका.

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडे. एसटीतून उतरायचं आणि बांधाबांधानं आत चालत यायचं. तेव्हा गावात शाळा सातवीपर्यंत. खोली एक आणि गुरुजीही एकच. पुढं शिकायचं तर कर्जत. मुलगे जायचे पायपीट करून. मुलीची सातवी झाली की मात्र घरात एकच बोलणं, हिला उजवायची कधी?

आमच्या शेजारी धाकू आणि त्याची बायको जना. त्यांची शकू त्या वर्षी सातवीत पहिली आली. गुळाचा खडा द्यायला माझ्याकडे आली, तेव्हा मी विचारलं, "आता पुढं काय गं?"

अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "कर्जतच्या शाळेत जायचं हाय, काकी. पन आबा कायच बोलत नाय."

मला वाईट वाटलं. मी स्वतः चौथीपर्यंत. मी शाळा सोडली असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे बानं सोडवली. पण वाटलं, चालायचंच. पोरीच्या जातीला शाळा ती किती पुरणार?

पुढं वैशाख लागला. धाकू आणि जना पेरणीआधी शेतात राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायला गेलेली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. म्हणजे हात तांदळात आणि डोळे वाटेवर. बघते तर दोन परकी माणसं येताहेत. बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, हातात छत्री. मागं कोट-टोपीवाले एक गृहस्थ, गुडघ्यापर्यंत धूळ.

बाई म्हणाल्या, "शकुंतला इथंच राहते ना? आम्ही कर्जतहून आलो. गुरुजींनी सांगितलं असेल."

आता तुम्हीच सांगा. वैशाखाचा महिना, लग्नसराई. घरात उपवर पोर. नवराबायको एवढ्या उन्हाचे दारी आलेले आणि मध्यस्थ साक्षात गुरुजी. तुम्ही काय समजला असता? मी तेच समजले.

आणि आईबाप घरात नाहीत. अशा वेळी शेजारीण नाही धावून जायची, तर कोण?

पाहुण्यांना धाकूच्या ओटीवर घोंगडी घातली, गूळपाणी दिलं आणि मागच्या दारानं शकूला गाठली. माझी हिरवी साडी तिला नेसवायला घेतली, तर पोर मागं सरली.

"काकी, मला लगीन नाय करायचं. मला शिकायचं हाय."

"गप गं. त्यांच्या घरी जाऊन शिक. मान खाली घालायची. इचारल्याबिगर बोलायचं नाय. मी हाय ना."

शेजारची बाळी शेतात पिटाळली धाकूला बोलवायला. मी पोहे परतले, शकूच्या हातात थाळी दिली आणि तिला बाहेर आणून पाटावर बसवली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पाहुण्यांना म्हटलं, "चुलीचा धूर गेला डोळ्यांत. रांधायची लई हौस."

बाई शकूकडे बघून गोड हसल्या. "वय काय बाळ तुझं?"

शकूला चौदावं लागलेलं. पण चौदा सांगितलं तर पाहुणे म्हणतील, लहान आहे. मी म्हटलं, "सोळा सरली."

बाईंचं हसू जरा कमी झालं. "सोळा? आणि सातवीत?"

झाली का पंचाईत. पण मी काय हटणारी? "त्याचं काय हाय, त्याच वर्गात बसली असंल दोनतीनदा."

शकूनं मान झटक्यात वर केली. मी डोळे वटारले. मान खाली.

"पण गुरुजी म्हणाले, पहिली आली."

"गुरुजींचं काय मनावर घेता? देवमाणूस. सगळ्यांचंच चांगलं सांगतात."

"गणित कसं आहे हिचं?"

मला वाटलं, बाई चाचपून बघताहेत. शिकलेली सून घरात आली आणि किराणावाल्यापासून सासूपर्यंत सगळ्यांचे हिशेब तपासायला लागली तर? म्हटलं, "गनिताचं नाव काढलं का हिला थंडी भरते. भाकरी मात्र बघा, चंद्रासारखी."

"वाचनाची आवड?"

"छे. पुस्तक दिसलं का झोप. आमी पोरीला असलं वळण लावलंच नाय."

ते कोटवाले गृहस्थ एकदम खोकले. मी त्यांना पाणी दिलं. मनात म्हटलं, सासरा किती गरीब, शकू नशिबाची.

बाई आता छत्रीच्या मुठीशी चाळा करायला लागल्या होत्या. "बरं, पुढं शिकायची हिची इच्छा तरी आहे का?"

"तुमी सांगाल तसं. नको म्हनालात तर आजच पाटी चुलीत घालते." असं म्हणून, त्यांनी मागायच्या आधीच, मी शकूला उठवली. "जा गं, दारापर्यंत जाऊन ये. बघा, चालीत खोट नाय."

शकू दारापर्यंत गेली. साडी पायात आली, पडता पडता वाचली. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मलाच थंडी भरली आहे.

"बाई, हिला चालायला का लावता?"

मला वाटलं, पसंती झाली, चालसुद्धा बघायची नाही म्हणतात. म्हणून मी मुद्द्यावर आले. "आमचं सगळं बघितलंत. आता तुमचा मुलगा काय करतो, ते सांगा."

"कुठला मुलगा?"

"तुमचाच की."

"मला मुलगा नाही."

मी गृहस्थांकडे वळले. "मग यांचा?"

ते बिचारे लाल झाले. "माझं तर लग्नच झालेलं नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कर्जतच्या शाळेची मुख्याध्यापिका. हे आमच्या मुलींच्या बोर्डिंगचे व्यवस्थापक. बोर्डिंगात एकच जागा आहे. गुरुजी चार वेळा सांगून गेले म्हणून मुलीची पारख करायला आलो होतो." त्यांनी छत्री उचलली. "पण जिला शिकायचंच नाही, तिला जागा देऊन दुसरीची कशाला अडवू?"

पोरीची शाळा माझ्या तोंडानं बुडवली मी. तिच्या बापानं नाही, गरिबीनं नाही, मी. जाऊन बाईंच्या वाटेत उभी राहिले.

"बाई, मी खोटं बोलले. पोरगी हुशार हाय. चौदाचीच हाय. एकदाबी नापास नाय."

"आधीचं खोटं की आताचं?"

आणि लगेच बाईंनी शकूला विचारलं, "आणि तू एवढा वेळ गप्प का बसलीस?"

शकूनं पदर खांद्यावर ओढला. "काकी बोलल्या, इचारल्याबिगर बोलायचं नाय. आनि तुमी इचारलंत तरी काकीच बोलत होत्या."

ते गृहस्थ पुन्हा खोकले. यावेळी मी पाणी दिलं नाही.

मग मला एकदम सुचलं. बाईंचा हात धरला आणि ओढतच माझ्या घराच्या मागं नेलं. माझी मागची भिंत खालपासून हात पोचेल तिथवर कोळशानं भरलेली. बाराखडी, पाढे, वजाबाक्या. गुरुजी एकटे, वर्ग सात. म्हणून शकू रोज संध्याकाळी पहिली-दुसरीची पोरं माझ्या मागच्या अंगणात घेऊन बसायची. मी रोज तिला शिव्या द्यायचे, सारवलेली भिंत खराब केली म्हणून.

बाई भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत गेल्या. एका वजाबाकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही चुकली आहे."

"ती गन्यानं केलेली हाय," शकू म्हणाली. "मुद्दाम पुसली नाय. कुठं चुकलं ते उद्या त्यालाच शोधायचं हाय."

बाईंनी छत्री खाली टेकवली आणि व्यवस्थापकांकडे बघून होकाराची मान डोलावली.

तेवढ्यात धाकू आणि जना राखेनं माखलेले धावत आले. जना लेकीला साडीत बघून मटकन खाली बसली. "अगं बया, हे कोनाचं लगीन?"

सगळं कळल्यावर मी धाकूवरच उखडले. "एवढी मोठी गोष्ट, रं धाकू, आनि मला सांगितली नाय? सांगितली असतीस तर हे झालं असतं का?"

धाकू मान खाजवत म्हणाला, "वयनी, ही मानसं आजच येतील हे मलाबी ठाऊक नव्हतं. जागा मिळंल का नाय, तेबी नक्की नव्हतं. म्हनून पोरीलाबी बोललो नाय. आनि तुमाला सांगायचं, तर मंग दवंडीवाल्याला सांगितलं काय नि तुमाला काय."

जूनमध्ये शकू बोर्डिंगात गेली. पहिल्या भेटीच्या रविवारी तिचे आईबाप भाताच्या लावणीत अडकलेले. मग कोण जाणार? मीच गेले, डबा घेऊन. फाटकावरच्या मावशींनी विचारलं, "तुम्ही शकुंतलेच्या कोण?"

"शेजारीण."

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग या आत. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलंय, त्या काकी आल्या तर अडवायचं नाही. फक्त मुलीबद्दल त्या जे काही सांगतील, ते आधी मुलीला विचारून घ्यायचं."