पेन-लोनची लाउरी

वेल्समधल्या ब्रिन-हेलिग गावात आडनाव लागतं ते फक्त सरकारी कामाला. अर्धं गाव रोलंड्स, उरलेलं बहुतेक जोन्स. आडनावाने हाक मारायची म्हटली तर सगळा रस्ता वळून बघेल. म्हणून इथे माणूस ओळखायचा तो घरावरून, नाहीतर धंद्यावरून. दुकान चालवणारी ती दुकानवाली नेस्टा, आणि ओढ्याकाठच्या पिठाच्या गिरणीत जन्मलेली मोरविद रोलंड्स ती गिरणीची मोरविद.

मोरविदने गावच्या शाळेत मुलांचं जेवण रांधण्यात आयुष्य घालवलं. आज गावात जे कोणी मेंढ्या राखतात, ट्रॅक्टर दुरुस्त करतात, कौन्सिलात भांडतात, ते सगळे तिच्या हातचं मटणाचं पातळ कालवण ओरपून मोठे झाले, आणि ती अजूनही त्यांना तोंड पुसायला सांगते. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "मागणी घालणारे सगळे चर्चवाले निघाले." हे काही खरं नव्हतं. एक चॅपलवाला होता, पण तो रात्रभर घोरतो असं त्याच्या आईनेच बोलून जमत आलेलं घालवलं.

चर्च आणि चॅपल हा भेद तिच्या हाडात मुरलेला. चर्च इंग्लंडच्या राजाच्या पंथाचं, चॅपल त्यातून फुटून निघालेल्यांचं; देव एकच, पण दारं दोन. रोलंड्स मंडळी चॅपलची, अगदी पहिली भिंत उभी राहिली तेव्हापासूनची, आणि टेकडीवरच्या चर्चात आमच्यातलं कोणी लग्नाच्या केकसाठीसुद्धा गेलं नाही असं ती छाती फुगवून सांगे. दुकानवाली नेस्टा चर्चवाली. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या, तेव्हापासून एकमेकींना टोमणे मारत आलेल्या, आणि त्यावाचून एकीलाही करमत नसे.

तर असं हे चॅपल बंद व्हायची वेळ आली. छप्पर गळत होतं, भिंतींना ओल धरली होती आणि रविवारी गायला माणसं उरली होती ती बोटांवर मोजण्याइतकी. शेवटची उपासना ठरली. चॅपलचा सेक्रेटरी इडवल पेन्री याने एक गोष्ट मनावर घेतली: चॅपल सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक सभासदाचं नाव त्या दिवशी वाचायचं, आणि नाव आलं की त्याच्या वंशातल्यांनी जागेवर उभं राहायचं. इडवल आयुष्यभर मेंढ्यांच्या लिलावात कारकून होता. नावं वाचावीत तर त्यानेच. पेन्री हे गावात एकच घर, पिढ्यानपिढ्या डीकनांचं. डीकन म्हणजे चॅपलचे कारभारी. पाळकाच्या पायाशी तोंड मंडळीकडे करून बसणारे, म्हणजे कोण डुलक्या काढतंय ते त्यांना बरोबर दिसतं.

मोरविदला वाचनाची कल्पना फार आवडली. मग इडवलने नियम सांगितला आणि तिचा चहाचा कप बशीवर आपटला.

"ज्यांची नावं सभासदांच्या वहीत खोडलीत ती वाचायची नाहीत," इडवल म्हणाला. "चॅपलने बाहेर काढलेला माणूस सभासद कसा?"

"म्हणजे लाउरीचं नाव नाही वाचणार तू?"

"मोरविद, वही मी नाही लिहिली."

लाउरी ही तिची पणजी. वहीत नोंद होती, आणि ती मोरविदला आता तोंडपाठ झाली होती: गिरणीची लाउरी, अविवाहित, गरोदर. गुरुवारच्या बैठकीत उभी केली. पुरुषाचे नाव विचारले, सांगितले नाही. तिच्या बाजूने कोणी बोलणारा असल्यास उठावे असे म्हटले, कोणी उठले नाही. बाहेर. आणि नावावरून आडवी रेघ, निब कागदात रुतेल इतकी जोरात मारलेली.

"पण ती परत यायची रे," मोरविद म्हणाली. "माझ्या बाबांनी लहानपणी तिला पाहिलंय. घड्याळाखालच्या बाकावर बसायची, दर रविवारी."

"बसायला कोणालाही मुभा होती. बसणं वेगळं, सभासद असणं वेगळं. परत घेतल्याची नोंद दाखव, मी नाव वाचतो."

मोरविद आठवडाभर ती वही घेऊन चॅपलच्या मागच्या खोलीत बसली. पायाशी शेगडी, नाकावर दोन चष्मे एकावर एक. बाहेर काढलेले परत घेतले जात, तशा नोंदी पुष्कळ होत्या; दारू पिणारे तर आत-बाहेर करूनच म्हातारे झाले होते. पण गिरणीची लाउरी पुन्हा कुठे दिसेना. तिला रडू यायचं ते याचंच. चॅपल उद्या कोणीतरी विकत घेईल, आत स्वयंपाकघर करील, आणि लाउरी कायमची त्या रेघेखाली राहील. तिच्यासाठी उभं राहायला जगात मोरविद एकटीच उरली होती, आणि शेवटचा रविवार तोंडावर आला होता.

अशा मनःस्थितीत ती दुकानात गेली. तिथे पोस्टमन नेस्टाला विचारत होता, "हे पार्सल बंगल्याच्या मोरविदकडे ठेवलं तर चालेल का?"

"कोण बंगल्याची मोरविद?" मोरविद फिस्कारली.

"तुम्हीच की, बाई."

बिनलग्नाच्या भावाने मरण्याआधी, गेल्या वर्षी गिरणी विकली होती, उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस येऊन राहणाऱ्या शहरी लोकांना. मोरविद बसथांब्यामागच्या कौन्सिलच्या छोट्या बंगल्यात राहायला गेली होती.

"मी गिरणीची आहे! जन्मले तिथे!"

"अगं, गिरणीत आता हिरव्या बुटांचे लोक राहतात," नेस्टा म्हणाली. "घर बदललं की नाव बदललं. तू काय नवीन आहेस का या गावात?"

मोरविद तोंड उघडून काहीतरी सणसणीत बोलणार होती, पण तोंड तसंच उघडं राहिलं. पाव काउंटरवरच टाकून ती चॅपलकडे निघाली. घर बदललं की नाव बदललं! आयुष्यभर या गावात राहून हे आपल्याला सुचू नये म्हणजे कमाल झाली. पोटुशा मुलीला कुठल्या बापाने तेव्हा घरात ठेवलं असतं? लाउरी गिरणीत राहिलीच नसणार.

वहीत रेघेनंतर काही वर्षांनी एक ओळ होती. ती तिने आधी कितीतरी वेळा वाचून सोडून दिली होती: पेन-लोनची लाउरी, परत घेतली. पेन-लोन म्हणजे गावाबाहेर, वाटेच्या टोकाचं घर.

इडवलने ती ओळ पाहिली आणि मान हलवली. दुष्टपणाने नव्हे; लिलावात एकाची मेंढी दुसऱ्याच्या नावावर चढवायची नाही, ही त्याची जन्माची सवय.

"त्या काळी दर घरात एक लाउरी होती, मोरविद. ही तुझीच कशावरून?"

"माझं मन सांगतं."

"मन वहीत लिहिता येत नाही."

पुरावा म्हणजे आजोबांचा बाप्तिस्मा. लाउरीचं ते मूल म्हणजेच मोरविदचे आजोबा डाविद, जे पुढे मामाच्या हाताखाली काम करायला गिरणीत राहायला आले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं घर लिहिलेलं असणार. पण चॅपलच्या बाप्तिस्म्यांत डाविद तिला कधीच सापडला नव्हता, आणि पान फाटलं असेल अशी तिने मनाची समजूत घालून घेतली होती.

"पान कशाला फाटेल?" दुकानात हे ऐकून नेस्टा म्हणाली. "चॅपलने आईला हाकलली, मग पोराच्या डोक्यावर पाणी कोण घालणार? आमच्या चर्चाच्या वहीत बघ."

"माझे आजोबा? चर्चात?"

"आमचा पाद्री कोणालाही पाणी घालायचा. चहासुद्धा द्यायचा."

चर्चाच्या जुन्या नोंदी अॅबरिस्टुइथच्या मोठ्या लायब्ररीत फिल्मवर आहेत. मोरविद बसने गेली, मनुकांचा पाव डब्यात घेऊन, आणि ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून टोपी कपाळावर ओढून. चर्चाच्या नोंदी बघताना तिला चोरून कोणाच्या खिडकीत डोकावल्यासारखं वाटत होतं. पण डाविद तिथे होता. जन्मदिवस बरोबर, आणि पाद्र्याचं अक्षर मोत्यासारखं: आई लाउरी रोलंड्स, अविवाहित, गिरणीच्या ह्यू रोलंड्सची मुलगी, हल्ली मुक्काम पेन-लोन. मोरविदने एवढ्या मोठ्याने "हं!" केलं की शेजारचा माणूस दचकला.

मग तिने बाळाचं नाव नीट वाचलं. डाविद पेन्री रोलंड्स.

आजोबांच्या थडग्यावर डी. पी. रोलंड्स असं कोरलेलं आहे. तो पी म्हणजे पीटर, असं सगळ्या घराने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाप नाव द्यायला तयार नसला की आई ते मुलाच्या नावात मधे घालून ठेवायची, ही इथली जुनी रीत. मोरविदला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्या वेळी पेन्रींच्या घरात तरणा मुलगा एकच होता, रीस. पुढे तोही डीकन झाला. त्याचा दाढीवाला फोटो चॅपलच्या मागच्या खोलीत अजून टांगलेला आहे. तो इडवलचा सख्खा आजोबा.

त्या गुरुवारी रीस पेन्री बैठकीत बसलेला असणार. बापाशेजारी, पुढच्या बाकावर. लाउरी उभी होती, तिला नाव विचारत होते, आणि ज्याचं नाव तो गप्प होता. परतीच्या बसमध्ये मोरविद सगळा रस्ता संतापून बसली होती. पाव तसाच डब्यात राहिला.

"फेक त्याच्या तोंडावर!" नेस्टाला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. "पेन्री! नाक केवढं वर असतं त्यांचं!"

"इडवलने काय केलंय? तो तेव्हा जन्मलाही नव्हता."

"मग नको दाखवूस."

"दाखवलं नाही तर लाउरीचं नाव वाचणार नाही. दाखवलं तर त्याला वाटेल, धमकी द्यायला आले."

"हे बघ, चॅपलवाल्यांचं हे असंच. आम्ही एव्हाना भांडून मोकळे झालो असतो."

शनिवारी मोरविद इडवलच्या घरी गेली. त्याचा गुडघा कामातून गेलेला, पाय स्टुलावर होता. टेबलावर उद्याची यादी, शेजारी रीस पेन्रीचा फोटो. पुसायला म्हणून आणलेला. तिने लायब्ररीतून आणलेला कागद त्याच्यापुढे धरला आणि बाळाच्या नावावर मधोमध अंगठा ठेवला.

"आईचं नाव वाच. घर वाच. तिच्या बापाचं नाव वाच, गिरणी वाच."

इडवलने सावकाश वाचलं. "पेन-लोन," तो म्हणाला. "तुझीच लाउरी आहे. मी वाचीन नाव." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अंगठा काढ."

"त्याची काही गरज नाही."

"अर्धी नोंद मी कधी मान्य केली नाही, मोरविद. काढ."

तिने अंगठा काढला. इडवलने बाळाचं नाव वाचलं. फोटोकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. त्याच्या मानेवर लाली चढली आणि मोरविदला, इतकी चिडलेली असूनही, त्याची कीव आली.

"म्हणजे आता मी तुला काका म्हणायचं की काय?" ती म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. "हे तू चारचौघांत का नाही बोललीस?"

"लाउरीपण बोलली नव्हती," मोरविद म्हणाली, आणि कोट चढवून निघाली.

रविवारी चॅपल भरलं. लग्ना-बाप्तिस्म्यालाही ते कधी इतकं भरलं नव्हतं. कार्डिफवरून, लिव्हरपूलवरून माणसं आली, नेस्टासुद्धा आली, आणि चर्चाच्या मानाने बाकं फार कडक आहेत असं कुजबुजून तिने आपली हजेरी लावली. इडवल डीकनांच्या जागेवर खुर्चीत बसूनच वाचत होता, गुडघ्यामुळे. नावं त्याच्या खणखणीत आवाजात एकामागून एक येत होती, इथे दोघं उभी राहत, तिथे एक अख्खं कुटुंब. त्याच्या स्वतःच्या घराण्याची नावं आली तेव्हा त्याने फक्त हात वर केला. रीस पेन्रीचं नाव आलं, तेव्हा हातही वर गेला नाही. पुढच्या ओळीतल्यांना वाटलं, त्याचा हिशेब चुकला.

"पेन-लोनची लाउरी," इडवलने वाचलं. मग थांबून, यादीत नव्हतं ते जोडलं, "म्हणजेच गिरणीची लाउरी."

मोरविद घड्याळाखालच्या बाकावर मुद्दाम बसली होती. ती उठली. सगळ्या चॅपलात उभी अशी ती एकटीच, आणि माना वळल्या तशी तिला लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला, मग लाउरीला कसं वाटलं असेल ते कळलं आणि डोळे भरून आले. पुढचं नाव लवकर येईल तर बरं, असं तिला झालं.

पुढचं नाव येईना. इडवलने यादी खाली ठेवली होती. दोन्ही हात टेबलावर टेकून तो उठत होता, दात आवळून, आणि शेजारचा डीकन त्याला धरायला गेला तर त्याने त्याला बाजूला सारलं. शेवटी तो सरळ उभा राहिला, मोरविदच्या समोर, मधे सगळं चॅपल.

"बस रे, गुडघा दुखेल," मोरविदच्या तोंडून भर उपासनेत निघून गेलं.

"दुखू दे," इडवल म्हणाला. "तेव्हा आमच्या घरचं कोणी उठलं नव्हतं."