सोमल चोळलेला ढोल

मी काय काम करते हे माझ्या आईला अजून नीट समजावता आलेलं नाही. पुण्यात केमिस्ट्री, मग नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला मास्टर्स, आणि त्यानंतर एका म्युझियममध्ये कॉन्ट्रॅक्टवर नोकरी, इथपर्यंत तिला कळतं. "म्हणजे तिथे करतेस काय?" या प्रश्नाला मी एकदाच खरं उत्तर दिलं: "जुन्या वस्तूंवरचं विष शोधते." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

पण काम तेच आहे. वसाहतींतून उचलून आणलेल्या लाकडाच्या, चामड्याच्या, पिसांच्या वस्तूंना कसर लागू नये म्हणून म्युझियमवाल्यांनी एके काळी त्यांच्यावर आर्सेनिक चोळलं. आपल्याकडे त्याला सोमल म्हणतात. ते उडून जात नाही. पिढ्या गेल्या तरी तिथेच बसून असतं. माझ्याकडे हेअर-ड्रायरएवढं एक यंत्र आहे. ते वस्तूवर रोखलं की पडद्यावर आकडा येतो. आकडा मोठा आला की मी आपोआप एक पाऊल मागे सरकते, इतकी वर्षं झाली तरी.

तो ढोल माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्यावरून वाद पेटलेला होता. कमरेएवढा उंच, एका तोंडाचा, झाडाच्या एकाच बुंध्यातून कोरलेला. आफ्रिकेतून पकडून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत उसाच्या मळ्यावर नेलेल्या माणसांनी तो घडवला होता. त्याच्या आवाजाने ते आपल्या पूर्वजांना बोलवत. मालकांना त्या आवाजाची धास्ती वाटायची, म्हणून वाजवायला बंदी होती. एका धाडीत तो जप्त झाला आणि हात बदलत बदलत नेदरलँड्सला पोचला. गुलामगिरीबद्दल इथल्या सरकारने माफी मागितली, त्यानंतर ॲमस्टरडॅममधल्या एका कुटुंबाने तो परत मागितला. त्याच मळ्यावरच्या गुलामांचे ते वंशज.

म्युझियमच्या दाराबाहेर फलक घेतलेली माणसं उभी राहू लागली. काही 'परत द्या' म्हणणारी, काही 'आमचा संग्रह लुटू नका' म्हणणारी. आमच्या विभागाला ईमेल यायच्या. एकीत लिहिलं होतं, 'त्या ढोलाबरोबर तुम्हीही आपापल्या देशात निघा.' ती काही मला एकटीला उद्देशून नव्हती. तरी संध्याकाळी स्टँडवरून सायकल काढताना मी मागे वळून बघायला लागले. नवऱ्याला मी हे बोलले नाही. नीउ-व्हेनेप गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, आणि तो हौसेने भिंतींचे रंग निवडत होता.

ते कुटुंब ढोल बघायला येणार होतं त्या सकाळी मी मोजमाप केलं. लाकडावर आकडा मोठा होता. चामड्यावर आणि काठावर इतका मोठा, की यंत्र बिघडलं असं वाटून मी ते बंद करून पुन्हा लावलं. तोच आकडा आला. वर जाऊन आमच्या विभागाच्या साहेबांना सांगावं म्हणून मी हातमोजे काढले, तोच दार उघडलं. मंडळी लवकर आली होती आणि साहेब स्वतःच त्यांना खाली घेऊन आले होते.

दोघंच होती. पुढे सत्तरीच्या पलीकडची एक उंच बाई, डोक्याला निळा रुमाल बांधलेली. तिच्यामागे तिचा भाचा, शाळेत इतिहास शिकवणारा. साहेब ओळख करून देत होते, पण बाईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती सरळ टेबलाकडे आली, खाली वाकली आणि ढोलाच्या चामड्यावर तिने आधी गाल टेकला, मग ओठ.

"अहो नको! हात लावू नका!" मी ओरडले. मराठीत. इतकी घाबरले होते की दुसरी कुठलीच भाषा तोंडात आली नाही.

शब्द कुणाला कळले नाहीत, पण सूर कळला. बाई ताठ उभी राहिली. भाचा माझ्यासमोर येऊन म्हणाला, "काय म्हणालात? आमच्याच वस्तूला आम्ही हात लावायचा नाही?"

"त्याच्यावर विष आहे," मी डचमध्ये म्हणाले.  "आर्सेनिक. आत्ताच मोजलंय. तोंड धुवायला हवं, लगेच. चला माझ्याबरोबर."

"वा! हे बरं सुचलं तुम्हाला," भाचा साहेबांकडे वळून म्हणाला. "द्यायची वेळ आली आणि विष निघालं."

साहेब पांढरेफटक पडले होते. बाईने मात्र भाच्याचा हात बाजूला केला आणि मला एकच विचारलं, "कुणी घातलं?"

"इथल्याच लोकांनी. पूर्वी. किडीसाठी."

 मी तिला सिंकपाशी नेलं. आयुष्यभर तिने हॉस्पिटलात नर्सचं काम केलं होतं, त्यामुळे सांगावं काही लागलं नाही. चूळ भरून तिने चेहरा साबणाने घासघासून धुतला. रुमाल सुटला, आखूड पांढरे केस ओले झाले. मी टॉवेल धरून उभी होते. तिने टॉवेल घेतला नाही, माझे हातच आपल्या ओल्या हातांत धरले.

"तान्ते म्हण मला," ती म्हणाली. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणावं तसं तान्ते म्हणतात. "आता सांग, किती घाबरायचं?"

एकदा ओठ लागल्याने सहसा काही होत नाही, हे मला माहीत होतं, आणि तसं मी सांगितलंही. पण तो आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लघवीची तपासणी करायला लावलं.

घरी गेल्यावर माझी लहान मुलगी नेहमीसारखी धावत आली. मी दोन्ही हात वर धरून म्हणाले, "थांब, आधी अंघोळ." ती दारातच थबकली आणि डचमध्ये म्हणाली, "ममा, तुझ्या अंगावर विष आहे का?" तिला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. त्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं, ईमेलसकट. त्याने रंगांचे नमुने बाजूला ठेवले आणि म्हणाला, "सोडून दे ही नोकरी." 

काही दिवसांनी तान्तेंचा फोन आला. रिपोर्टमध्ये आर्सेनिक खूपच जास्त निघालं होतं.

 तेवढ्याशा स्पर्शाने इतकं कसं वाढेल? की माझंच मोजमाप कमी पडलं? चामड्याची पूड उडून नाकात गेली असेल का? गेली असेल तर मी त्या खोलीत रोज बसते, माझं काय, माझ्या लेकीचं काय? संध्याकाळ होईपर्यंत मी असलेच विचार करत राहिले. मग एकदम शिकताना वाचलेली एक गोष्ट आठवली आणि मी त्यांना फोन लावला.

"तान्ते, तपासणीच्या आधी तुम्ही मासे खाल्ले होते?"

"खारवलेला मासा. भातावर. रोजच खाते."

"डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"नाही. का गं?"

माशांतही आर्सेनिक असतं, बिनविषारी प्रकारचं, आणि साध्या तपासणीत दोन्ही एकत्र मोजलं जातं. त्यांनी मासे बंद करून पुन्हा तपासणी केली. मधल्या काळात मला धड जेवण गेलं नाही. दुसरा रिपोर्ट चांगला आला तेव्हा तान्ते फोनवर खो-खो हसल्या. मी रडले.

भीती तिथे संपली नाही. ढोलाबाबत जाहीर सुनावणी होती आणि त्याआधी विषाची बातमी बाहेर फुटली. कुणी फोडली ते कळलं नाही. सभागृह भरलेलं होतं, दाराशी पोलीस होते. एक गृहस्थ उठले, नीटनेटका कोट, सभ्य आवाज. ते म्हणाले, "ही वस्तू धोकादायक आहे असं तुमचीच तज्ज्ञ म्हणते. मग ती देणं बेजबाबदारपणाचं नाही का? तिची काळजी आम्हीच घेऊ शकतो." निम्म्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

ज्याची मला धास्ती होती तेच झालं होतं. माझा आकडा त्यांच्या हातातलं हत्यार झाला होता. भाचा माझ्याकडे बघत होता, जणू हे सगळं मीच घडवून आणलं.

तान्ते काठी टेकत उठल्या. "मी नर्स होते," त्या म्हणाल्या. "पेशंटला ज्याने विष घातलं, त्याच्याच घरी आम्ही पेशंट ठेवत नव्हतो."

टाळ्या थांबल्या. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "ढोल सुरिनामला गेला तर धोका वाढेल?"

मी माईकपर्यंत गेले. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. नव्यावर सही करणारे साहेब पहिल्या रांगेत होते, आणि ती ईमेल लिहिणारा माणूसही इथेच कुठेतरी बसला असेल असं सारखं वाटत होतं. मी म्हणाले, "धोका ढोलावर आहे. तो इथे जितका आहे तितकाच तिथे असेल. काचेच्या पेटीत ठेवला आणि उघड्या हातांनी हाताळला नाही, तर कुठेही ठेवता येईल. फक्त तो आता वाजवता येणार नाही. कुणालाच."

शेवटचं वाक्य मी तान्तेंकडे बघून म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. भाचाही खाली बघत राहिला. बाहेर पडल्यावर तो माझ्या सायकलपर्यंत चालत आला. "अंधार आहे, स्टेशनपर्यंत येतो," एवढंच म्हणाला.

ढोल परत द्यायचं ठरलं. माझं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. साहेबांनी सही केली, पण पुढे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पेटीवर लावायची सूचना मी लिहिली: 'या वस्तूवर आर्सेनिक लावण्यात आले आहे.' तान्तेंनी ती चष्मा लावून वाचली. "कुणी लावलं ते लिही." साहेब म्हणाले, वरच्यांना विचारावं लागेल. तान्ते खुर्चीवर बसून राहिल्या. ते होकार घेऊन आले तेव्हाही तान्ते अंगातला कोट न काढता तिथेच होत्या. मी नवी सूचना छापली, त्यात म्युझियमचं नाव घातलं. मग तान्तेंनी ती आपल्या सुरिनामी भाषेतही लिहून घेतली.

ढोलाबरोबर भाचा गेला. काही आठवड्यांनी त्याने व्हिडिओ पाठवला. तो बघायला तान्तेंनी मला घरी बोलावलं. काचेच्या पेटीत तो ढोल होता आणि शेजारी नवा कोरलेला ढोल एक मुलगी वाजवत होती. तान्तेंनी फोन कानाशी धरला, चित्र न बघता नुसतंच ऐकलं.

"नवा ऐकून जुना शांत झाला असेल ना गं?" त्यांनी विचारलं. "मला अजून त्याच्या रागाची भीती वाटते. इतकी वर्षं त्याला काय काय चोळलं आम्हाला कुठे माहीत होतं."

 मी त्यांच्याजवळ सरकून बसले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि या वेळी फोन आमच्या दोघींच्या मधे धरला.