चिंधी दिसेल तिकडे

पावसाळा संपला की डोंगरातली वाट नव्यानं शोधावी लागते, हे सायकल न चालवणाऱ्याला सांगून पटत नाही. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरून आत वळलं की जे डोंगर लागतात, तिथे आम्ही सायकली चालवतो. आम्ही म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि काल्हेरच्या गोदामांत काम करणारे तीन-चार दोस्त. मी दापोड्याच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. आठवडाभर कंटेनर, धूळ आणि हॉर्न. रविवारी सकाळी जाड टायरची सायकल घेऊन साग-ऐनाच्या जंगलात शिरलो की डोकं ठिकाणावर येतं. तिथल्या वाटा आम्ही केलेल्या नाहीत. त्या गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा आहेत, आम्ही फक्त त्यांवरून जरा जास्त वेगात उतरतो. पण पावसात गवत कमरेपर्यंत वाढतं, दगड जागा बदलतात, आणि दसऱ्यानंतर गेलं की ओळखीचा डोंगर ओळख दाखवत नाही.

म्हणून मी चिंध्यांची युक्ती काढली. आम्ही राहतो भिवंडीत, कामतघरला. तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की पॉवरलूमचा खडखडाट आणि लूमची चिंधी. कापडाच्या कडेच्या लांब पट्ट्या कापून निघतात, गोण्याच्या गोण्या भरतात. शेजारच्या कारखान्यातून मी लाल सुताच्या पट्ट्या आणल्या आणि हिवाळ्यात प्रत्येक फाट्यावर, जिकडे वळायचं त्या बाजूच्या झाडाला एक एक बांधून टाकली. नियम सोपा होता. चिंधी दिसेल तिकडे वळायचं, नसेल तिकडे जायचं नाही. काल्हेरचे दोस्त खूश झाले. बहीण म्हणाली, "दादा, पेटंट घेऊन टाक, नाहीतर गोदामातच म्हातारा होशील."

ती शाळेत पीटी शिकवते. दिवसभर पोरांच्या मागे पळून दमत नाही आणि रविवारी उतारावर माझ्या पुढे असते. मी ब्रेकवर बोटं ठेवून उतरतो, ती ब्रेक असल्याचं विसरून. आईला तिचं हे सायकलचं वेड मुळीच आवडत नाही. वडील वरवर काही बोलत नाहीत, पण ती निघाली की गॅलरीत उभं राहून ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहतात.

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर आम्ही मोसमातल्या पहिल्या फेरीला गेलो. दोस्तांना ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच. हवा छान होती, गवत सुकायला लागलं होतं. वरच्या पठारावरून उतरताना माझी चेन निसटली. मी थांबलो, ती पुढे गेली. काळजीचं काही कारणच नव्हतं, कारण पुढचा फाटा मला पाठ होता, आणि तिला चिंधीचा नियम. उजवी वाट हळूहळू खाली तळ्याकडे जाते. डावी वाट थोडीशी जाते आणि एकदम संपते, पुढे खोल ओहोळ. उजवीकडच्या ऐनाला मी स्वतः चिंधी बांधली होती.

चेन चढवून मी फाट्यावर आलो तर लाल चिंध्याच चिंध्या. एका झाडाला एक, पुढच्या झाडाला दोन, त्याच्या पुढे झुडपांनाही. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. वाटलं, दोस्तांपैकी कोणीतरी येऊन गेला आणि मनापासून काम केलं. मग लक्षात आलं की या सगळ्या चिंध्या डावीकडे आहेत. उजवीकडच्या ऐनावर काहीच नव्हतं.

माझे हातपाय गार पडले. ही फक्त बोलायची पद्धत आहे असं मला तोवर वाटायचं. ऊन चांगलं अंगावर येत होतं आणि हँडल धरलेली बोटं मला जाणवत नव्हती. मी तिला हाक मारली, पुन्हा मारली. डोंगरात हाकेला उत्तर आलं नाही की माणूस जास्त मोठ्यानं ओरडतो, तसा मी ओरडत डावीकडे पळालो. पळताना त्या चिंध्या डोक्याला लागत होत्या. शेवटी ओहोळाच्या कडेला एक कुंभ्याचं झाड होतं, त्याच्या बुडाशी एक काळा दगड, आणि झाड इतक्या चिंध्यांनी भरलेलं की पानं दिसेनात. झाडाच्या पलीकडची माती ताजी उकरलेली होती. खाली दगडांत तिची सायकल पडली होती. ती सायकलपासून बरीच लांब होती.

ती हलली, तेव्हा मी तिथूनच खाली उतरायला लागलो. मग माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, हितून नको उतरू, मरशील. त्या बाजूनं पायऱ्या हायेत." डोक्यावर चुंबळ घेतलेली एक वयस्कर बाई होती, खालच्या पाड्यावरची, मागे आणखी दोघीजणी. त्या लाकडं गोळा करायला आल्या होत्या. तिनं दाखवलेल्या बाजूनं मी उतरलो. बहिणीचा डावा पाय गुडघ्याच्या खाली भलतीकडेच वळला होता. तिला रडूही येत नव्हतं. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "दादा, चिंधी होती रे. मी बघितली होती."

त्या वाक्यानं मला जे झालं ते पाय बघूनही झालं नव्हतं.

पाड्यावरून माणसं आली, बांबूला चादर बांधून तिला खाली नेलं. जीप मिळेपर्यंत मी पाड्यावर त्या बाईच्या ओट्यावर उभा होतो. भानावर नव्हतोच. तिला विचारलं, मावशी, त्या चिंध्या कोणी बांधल्या? ती सहज म्हणाली, "आम्हीच. पयली कोनाची व्हती ठावं न्हाय. ऐनाच्या झाडाखाली पडलेली गावली. कोनीतरी नवस बोललाय नि वाऱ्यानं खाली पडलीय, असं मला वाटलं. म्हनून उचलून दगडाजवळ बांधली. त्याच दिशी माझी हरवलेली शेळी घरी आली." मग शेजारणीनं बांधली, मग सगळ्या पाड्यानं. चिंधी भिवंडीचीच, मोळ्या बांधायला गोणीनं येते. त्यांची वाट खालून त्याच बाजूनं वर चढते, म्हणून वाटेवरच्या झाडांनाही बांधत गेल्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस, गंडेदोरे यांना थारा नाही. शाळेत असताना कोणीतरी माझ्या मनगटाला दोरा बांधला, तर वडिलांनी तो सुरीनं कापून चुलीत टाकला होता. त्या घरातल्या पोरानं मारलेल्या गाठीवर डोंगरात एक देव उभा राहिला, आणि त्या देवाच्या वाटेनं माझीच बहीण खाली गेली. मी त्या बाईला म्हणालो, "ती पहिली चिंधी माझी होती. नवस-बिवस काही नव्हता. रस्ता दाखवायला बांधली होती." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

बहिणीच्या पायात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण कधी आणि कशी ते पाय ठरवील, आणि पळायचं आत्ता बोलूच नका. शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई घेतली, तात्पुरती म्हणून. घरी भेटायला येणारे सगळे विचारायचे, "कशी आहे?" आणि मी सगळ्यांना सांगायचो, "सुधारते आहे." कामतघरापासून काल्हेरपर्यंत मी हेच सांगितलं. वडिलांनाही हेच सांगायचो, आणि ते घरातच असायचे, रोज बघायचे.

उन्हाळा लागता लागता मी एकटाच डोंगरात गेलो. गोदामात खोके फोडायला वापरतो तो कटर खिशात होता. आधी डाव्या वाटेवर एक ओंडका आडवा ओढून टाकला, मग फाट्यापासून चिंध्या कापत निघालो. राग होताच. एकेक कापताना बरं वाटत होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. कुंभ्याच्या झाडाजवळ पोचलो तर ती मावशी दगडाशी बसलेली. तिला ओंडक्याचा आवाज गेला असावा.

"कापतोस?" तिनं विचारलं.

"मावशी, परत कोणीतरी पडेल."

"काप. वाटेवरच्या समद्या काप. झाडाच्या आमी खाली पाड्याकडं नेऊन बांधू. फकस्त ती ऱ्हाऊ दे." तिनं बोट दाखवलं. लाल गर्दीत एक हिरवी पट्टी होती, लुगड्याच्या काठाची. "ती तुझ्या बहिणीची. तू खाली उतरलास तवा बांधली. चालाया लागली का ती बाय?"

मी तिकडे दगडांवरून हात सोलत उतरत होतो तेव्हा ही बाई इथे, अंगावरचं लुगडं फाडून, नावही माहीत नसलेल्या पोरीसाठी गाठ मारत होती. मला धक्का त्याचा बसला, आणि त्याहून जास्त तिच्या प्रश्नाचा. इतक्या महिन्यांत तो असा सरळ कोणी विचारलाच नव्हता. 'सुधारते आहे' तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणालो, "नाही चालत. पाय टेकला की किंचाळते. रात्री मला म्हणते, दादा, मी परत पोरांसमोर उभी राहीन ना? मी हो म्हणतो. मला काहीच माहीत नाही."

तिनं माझी समजूत घातली नाही. उठून ती हिरवी पट्टी चाचपून बघितली. "सैल झालीय," म्हणाली, आणि पदराची कड दातांनी फाडून दुसरी पट्टी काढली. फांदी उंच होती, तिचे हात पोचेनात. ती टाचा उंचावून दोनदा प्रयत्न करून थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी कटर खिशात घातला आणि तिची गाठ बसेपर्यंत फांदी खाली ओढून धरली.