काळ्या मातीतली चार बोटे ढील

भातकुलीच्या आमच्या शेतात, बाभळीखाली पोते अंथरून, आदरणीय गुलाबरावजी मिस्त्रींनी माझ्यापुढे आपली अर्धी भाकर आणि ठेचा ठेवला होता. आधी घासलेटाने, मग मातीने हात धुऊनही भाकरीला घासलेटाचा वास होताच. "खा ताई. कॉन्व्हेंटात असं भेटत नसन," ते म्हणाले. आमची ओळख त्या बाभळीखालची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते, दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. शेतात कुंदा हे खोल मुळांचे तण माजले होते आणि बैलांच्या नांगराला त्याची मुळे दाद देत नव्हती. काकांनी गिऱ्हाईक पाहून ठेवले होते. पावसाळ्याआधी जमीन फुटली नाही तर शेत विकायचे, असे घरात ठरले. म्हणून अमरावतीत वकिली करणाऱ्या माझ्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून साखळीवर चालणारा जुना ट्रॅक्टर घेतला. तो पहिल्याच दिवशी साखळी टाकून बसला.

अकोल्याहून आलेल्या गुलाबरावजींनी साखळीचा एकेक सांधा हाताने चाचपला. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्यावर पोलादी नळी, म्हणजे बुश. वडील म्हणाले, "भंगारच ना?"

"फेकता कावून, वकीलसाहेब? झिजलं ते एकाच अंगानं. दुसरं अंग कोरं हाय."

मग पंधरा दिवस एकेक बुश जॅकने दाबून काढायचा, अर्धा फिरवायचा, पुन्हा बसवायचा. खालची झिजलेली चाकेही त्यांनी नव्याने धातू चढवून घासली. ट्रॅक्टरचे इंग्रजी पुस्तक वाचून दाखवणे माझे काम.

साखळी चढली. "ताई, इतकी ताणू? आपली माती चिकट हाय."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय," मी ठासून म्हणाले.

"लिहिणाऱ्यानं भातकुलीचा चिखल पाह्यला हाय काय?" ते हसले, पण माझा मान राखून साखळी ताणली. नाल्याकाठच्या ओलीत माती चाकाच्या दात्यांत भरली, साखळी आणखी ताणली गेली आणि एक बुश तडकला.

कचेरीतून आलेल्या वडिलांनी विचारले, "कुणाची चूक?"

मी पुस्तक मिटले. गुलाबरावजी म्हणाले, "माही. म्या जास्त ताणली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जपून ठेवलेला एक जादा बुश बसवला आणि साखळीला चार बोटे ढील दिली. आठ दिवसांत सगळे शेत उलथले. कुंद्याच्या मुळांचे ढीग वाळत पडलेले पाहून काका गिऱ्हाइकाला नकार सांगायला स्वतः गेले. ते शेत आजही आमच्याकडे आहे.

पुढे अकोल्याच्या कारखान्यात कितीतरी हात त्यांनी तयार केले. कोणताही भाग फिरवून पाहिल्याशिवाय टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. माणसांनाही त्यांनी तोच लावला, याची मी साक्षीदार आहे.

गुलाबरावजी, पंच्याहत्तर वर्षे झिजलेल्या तुमच्या गुडघ्यांना आणि डोळ्यांना अजून पुष्कळ कोरे अंग लाभो.

संपादकांना विनंती: या गौरवग्रंथाची पहिली प्रत गुलाबरावजींच्या पत्नी सुशीलाकाकूंना द्यावी, ती अर्धी भाकर त्यांच्या हातची होती. ट्रॅक्टरचे पुस्तक मी पाठवत आहे, ते कारखान्याला द्यावे. त्यात समासात मी नंतर पेन्सिलीने लिहिले आहे: 'काळ्या मातीत चार बोटे ढील.' ते कुणी खोडू नये. आणि एक प्रत भातकुलीला माझ्या धाकट्या भावाला. तो अजूनही पाहुण्यांना मिस्त्रींची चूक रंगवून सांगतो. त्याच्या प्रतीत हेच पान दुमडून ठेवावे. चूक माझी होती.